ब्रीता-स्तीनाची फारकत

इंगेयर्द बस चालवायची. समुद्राच्या कडेकडेनं जाणारी, प्रत्येक वाडीवर थांबणारी बस तिनं निवृत्त होईपर्यंत चालवली आणि त्या सगळ्या काळात तिला पूर्वजांची कधी आठवण झाली नाही. मग खुब्याचं ऑपरेशन झालं, हिवाळाभर घरात बसायची पाळी आली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं तिला ओढत वाचनालयातल्या वंशावळीच्या वर्गाला नेलं. दर मंगळवारी तिथं आठ-दहा म्हातारी माणसं जमायची, थर्मासातली कॉफी प्यायची आणि चर्चच्या जुन्या वह्यांतलं नागमोडी अक्षर लावायला शिकायची. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक मोठा कागद मिळाला. तळाशी आपलं नाव, वर आईबाप, त्यांच्या वर त्यांचे आईबाप, असे चौकोन वरवर वाढत गेलेले.

इंगेयर्दचा कागद भराभर भरला. चर्चच्या वह्या चोख होत्या. कोण कधी जन्मला, कुठल्या वाडीतून कुठल्या वाडीत गेला, देवी काढल्या की नाही, सगळं लिहिलेलं. एकच चौकोन रिकामा राहिला. तिच्या आजीच्या, एद्लाच्या, बापाचा.

तिला त्यात नवल वाटलं नाही. एद्लाआजीला बाप नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल बोलायचं नाही हेही. लहानपणी जे तुकडे कानावर पडले होते ते असे, की पणजी ब्रीता-स्तीनाचं एलोफ नावाच्या कोळ्याशी लग्न झालं होतं. तो दारुडा होता, मारझोड करायचा. शेवटी तिनं काडीमोड घेतला. आणि त्यानंतर काही वर्षांनी, नवरा नसताना, तिला मुलगी झाली. कुणापासून ते तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. आईचा एक भाऊ म्हणायचा, नदीतून ओंडके वाहून नेणारे यायचे, त्यांतला कुणी असेल. दुसरा म्हणायचा, छे, घड्याळं विकत फिरणारा एक जण होता. इंगेयर्दची आई तीरा मात्र हा विषय निघाला की उठून भांडी घासायला लागायची, मग ती घासलेली का असेनात.

इंगेयर्दनं बहिणीला सांगितलं. गुनवोर तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, टेकडीवरच्या वृद्धाश्रमातल्या एका खोलीत राहायची. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

"रिकामा आहे ना? मग राहू दे की रिकामा," गुनवोर शब्दकोड्यातून डोकं वर न काढता म्हणाली.

"बाकी सगळ्यांचे भरलेत गं."

"मग? भरणाऱ्याला बक्षीस आहे का काही?"

पण इंगेयर्दच्या मनातून ते जाईना. कारण तिला आजी आठवायची. तोर्विक गावातलं आजीचं स्वयंपाकघर, तिथल्या डांबरी साबणाचा वास, खिडकीत सुकत घातलेले लोकरी मोजे. वसंतात एकदा आणि शरदात एकदा पाव भाजायचे दिवस यायचे. अंगणातल्या भट्टीघरात आजी आणि शेजारच्या बायका पीठ मळायच्या, चादरीसारखे पातळ पाव लांब काठीवर घेऊन भट्टीत सोडायच्या, सगळ्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या व्हायच्या. पहिला पाव आजी इंगेयर्दला द्यायची. गरम पावावर लोणी फासून, घडी घालून, हातात ठेवून म्हणायची, पळ आता, कुणी बघायच्या आत. जणू काही चोरीच होती ती. लोणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं आणि इंगेयर्द होडीघराच्या मागं बसून ते चाटत राहायची.

आणि एक आठवण अशी, की एकदा नवे पाद्री ओळख करून घ्यायला घरोघर हिंडत होते. ते भट्टीघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, आपण कुणाच्या म्हणायच्या? तेव्हा आजीनं पाठ ताठ केली आणि म्हणाली, "ब्रीता-स्तीनाची." एवढंच. बाकीच्या बायका एकदम पिठात डोकं घालून कामाला लागल्या. लहानग्या इंगेयर्दला वाटलं, आजीच्या वेळी असंच सांगायची पद्धत असेल. त्या गप्प होण्याचा अर्थ तिला फार उशिरा कळला, आणि कळला तेव्हा आजी राहिली नव्हती.

मार्चमध्ये रस्त्यावरचा बर्फ कमी झाला तशी ती काठी टेकत हेर्न्योसांदच्या अभिलेखागारात, जुनी सरकारी दप्तरं ठेवतात तिथं, जाऊ लागली. जन्ममृत्यूच्या वह्या घरबसल्या संगणकावर दिसत, पण तोर्विकच्या चर्चच्या पंचांची इतिवृत्तं तिथं जाऊनच बघावी लागत. त्या काळी नवराबायकोचं पटलं नाही तर आधी पाद्री समज द्यायचा, मग पंच समज द्यायचे, आणि तरीही नाही जमलं तरच पुढं कोर्टात जायची वाट मोकळी व्हायची. वर्गातल्या बाईंनीच तिला सांगितलं होतं, की काडीमोड झाला असेल तर पंचांपुढं काहीतरी झालेलंच असणार.

झालं होतं. भरपूर झालं होतं.

लग्नानंतर चौथ्या वर्षी दोघं पहिल्यांदा पंचांपुढं उभी होती. चर्चच्या कारकुनाचं अक्षर सुरेख होतं आणि माणूस मोठा प्रामाणिक. जे कानावर पडलं ते सगळं त्यानं उतरवून ठेवलं होतं. एलोफची तक्रार होती की बायको त्याच्या प्रत्येक शब्दाला उलट शब्द देते आणि तिनं त्याला कॉफीची किटली फेकून मारली. ब्रीता-स्तीनाला विचारलं, हे खरं का? तिनं खरं असल्याचं मान्य केलं, पण किटली रिकामी होती हे लिहून घ्यावं अशी विनंती केली. कारकुनानं ते लिहून घेतलं होतं. इंगेयर्द त्या शांत वाचनकक्षात इतक्या मोठ्यानं हसली की पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं चष्मा काढून तिच्याकडं बघितलं.

मग ब्रीता-स्तीनाची तक्रार. इंगेयर्द तिथं दारू शोधत होती, मारझोड शोधत होती. दारूचा शब्द कुठंच नव्हता. होती ती होडी. ब्रीता-स्तीना बापाची एकुलती लेक. बाप गेल्यावर त्याची होडी, जाळी आणि किनाऱ्यावरचं होडीघर तिच्याकडं आलं. म्हणजे तिच्याकडं येऊन तिच्या नवऱ्याकडं गेलं, कारण लग्न झालेल्या बाईच्या वस्तूंचा कारभार नवऱ्याच्या हाती असायचा, कायदाच तसा होता. एलोफनं एके दिवशी ती होडी विकून टाकली. तिला विचारलं नाही. नंतर सांगितलंसुद्धा नाही; ती पहाटे किनाऱ्यावर गेली आणि होडीची जागा मोकळी दिसली. एलोफचं म्हणणं, होडी जुनी झाली होती, आपण मोठी घेतली, त्यात चुकलं काय? ब्रीता-स्तीना म्हणाली, त्या होडीत मी चालायला शिकले.

पाद्रीनं दोघांना समज दिली. एलोफला सांगितलं, बायकोशी सौम्यपणे वाग. तिला सांगितलं, नवऱ्याच्या आज्ञेत राहा. दोन वर्षांनी पुन्हा तीच माणसं त्याच बाकावर. या वेळी त्यानं तिच्या जाळ्यांतली निम्मी भावाला देऊन टाकली होती आणि तिनं त्याचे कपडे बाहेर बर्फात मांडून ठेवले होते, नीट घड्या घालून. पुन्हा समज. मग कोर्ट, एक वर्ष वेगळं राहणं, आणि शेवटी राजाच्या शिक्क्याची फारकत. वाटणीत एलोफला मोठी होडी मिळाली, तिला होडीघर आणि उरलेली जाळी.

इंगेयर्द घरी जाताना बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. लहानपणापासून ज्याला ती दारुडा म्हणून ओळखत होती तो माणूस दारुडा नव्हता. अडाणी होता, हेकट होता, बायकोला विचारायचं असतं हे त्याच्या गावीच नव्हतं. पण तसे तर सगळेच होते.

पुढच्या खेपेला ती एद्लाच्या जन्माच्या वर्षापर्यंत पोचली. बाप्तिस्म्याच्या वहीत बापाच्या जागी आडवी रेघ होती. ती तिनं आधीच पाहिली होती. पण पंचांच्या इतिवृत्तात, मूल वर्षाचं झाल्यावर, एक अख्खं पान तिच्या पणजीचं होतं, आणि ते पान वाचताना तिची कॉफीची सुट्टी केव्हा येऊन गेली तिला कळलं नाही.

ब्रीता-स्तीनाला बोलावलं होतं. आणि तिच्याबरोबर, त्याच बाकावर, एलोफला.

गावात बोललं जात होतं की फारकत झालेला एलोफ फारकत झालेल्या बायकोच्या घरी रोज संध्याकाळी जेवायला जातो. होडीघराच्या एका टोकाला त्यानं आपल्यासाठी एक खोली बांधली आहे. तिचं छप्पर शाकारतो, तिची लाकडं फोडतो. पाद्रीनं विचारलं, हे खरं का? ब्रीता-स्तीना म्हणाली, छप्पर गळत होतं. पाद्रीनं मुलीच्या बापाचं नाव विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. मग त्यानं एलोफला थेट विचारलं, हे मूल तुझं आहे का? त्यावर एलोफनं दिलेलं उत्तर कारकुनानं शब्द न शब्द लिहून ठेवलं होतं.

"ब्रीता-स्तीनाला विचारा, पाद्रीसाहेब. त्या घरातलं काही बोलायचं तर मी आता तिला विचारूनच बोलतो."

इंगेयर्दनं ते वाक्य तीनदा वाचलं.

पुढं पाद्री म्हणाला होता, की मग मार्ग सोपा आहे. दोघं मोकळी आहेत. पुन्हा लग्न करा, मुलीला नाव मिळेल, गावाचं तोंड बंद होईल. एलोफ नुसता ब्रीता-स्तीनाकडं बघत राहिला. ब्रीता-स्तीना म्हणाली की एकदा करून बघितलं होतं. लग्न होतं तोवर आमचं एक दिवस पटलं नाही, लग्न मोडल्यापासून एकदाही भांडण नाही. आणि उद्या लग्न लागलं की परवा माझी जाळी पुन्हा त्याची. तो आता तसा राहिला नाही हे मला माहीत आहे, पण कायदा तसाच आहे.

पाद्रीनं तिला सांगितलं, की तुझ्या जाळ्यांपायी ही मुलगी जन्मभर बिनबापाची राहील, याचा विचार कर.

त्याखाली एकच ओळ होती. बाई रडली, पण उत्तर दिलं नाही.

निर्णय असा झाला होता की दोघांना गैरवर्तनाबद्दल कडक समज द्यावी. वहीतली रेघ तशीच राहिली.

इंगेयर्दनं पिशवीतून आपला मोठा कागद काढला, टेबलावर पसरला आणि रिकाम्या चौकोनात ठसठशीत अक्षरात एलोफचं नाव लिहिलं. वाटलं होतं, आनंद होईल. झालाही, जिना उतरेपर्यंत. रस्त्यावर आली तशी तिला भट्टीघराच्या दारातली आजी दिसू लागली, ताठ पाठीची, आणि पिठात डोकं घातलेल्या बायका. तिच्या मनात पणजीबद्दल राग भरून आला. बाप समोर होता. रोज संध्याकाळी जेवायला येत होता. एक शब्द बोलायचा होता फक्त, आणि तो शब्द जाळ्यांपायी बोलली नाही ही बाई.

ती तशीच टेकडी चढून गुनवोरकडं गेली. खोलीत वेलचीच्या पावांचा वास होता. गुनवोरला भेटायला कुणी येणार असलं की ती खालच्या स्वयंपाकघरातून दोन पाव मागवून ठेवायची, आज कुणी येणार नसूनही मागवले होते. इंगेयर्दनं कोट न काढताच सगळं सांगितलं. होडी, किटली, बाक, एलोफचं वाक्य, पणजीचं रडणं. आणि शेवटी म्हणाली, की मला तर वाटतं फार स्वार्थी बाई होती ती.

गुनवोरनं शब्दकोडं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "किटलीचं मला माहीत नव्हतं."

"म्हणजे? बाकीचं माहीत होतं?"

"कोट काढ आधी. बस. पाव घे."

इंगेयर्द बसली. गुनवोर सांगू लागली आणि सांगताना तिचा आवाज हळूहळू तोर्विकचा झाला, शहरात राहून राहून गेलेले हेल परत आले.

तुला आठवतं का, ती म्हणाली, मी बेर्तिलबरोबर राहायला गेले तेव्हा घरात काय झालं होतं ते? इंगेयर्दला आठवत होतं. ती तेव्हा शाळेत होती. गुनवोरनं लग्नाशिवाय संसार मांडला म्हणून आईनं दारं आपटली होती, महिनाभर तिचं नाव घेतलं नव्हतं. पुढं बेर्तिल जाईपर्यंत दोघं तशीच राहिली, लग्न कधी केलंच नाही, आणि आईला ते कधी पचलं नाही. तर त्या वेळी, गुनवोर म्हणाली, एद्लाआजीनं मला तोर्विकला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता हिचंही ऐकायचं. पण तिनं बटाटे उकडले, शेपू घातला, जेवू घातलं, आणि मग आपल्या आईबापाची गोष्ट सांगितली.

एलोफ रोज संध्याकाळी यायचा आणि दार वाजवायचा. अंगणात राहायचा, छप्पर त्यानं शाकारलेलं, दार त्यानंच रंगवलेलं, तरी वाजवायचा आणि आतून ये म्हटल्याशिवाय पाय टाकायचा नाही. वादळ असलं तरी. गावातली पोरं त्याची नक्कल करायची. एद्ला बाहेर त्याला एलोफ म्हणायची आणि घरात बाबा. तसं कुणी तिला शिकवलं नव्हतं, तिचं तिलाच समजलं होतं. त्यानं तिला स्कीच्या पट्ट्या करून दिल्या, वाऱ्याचा वास घ्यायला शिकवलं. घरात कधी आवाज चढलेला तिनं ऐकला नाही.

मग शाळेत एका मुलीनं तिला सगळ्यांदेखत विचारलं, तुझ्या बापाचं नाव काय? एद्ला घरी आली ती जेवेना. तेव्हा ब्रीता-स्तीनानं तिला विचारलं, तुला हवं आहे का आम्ही लग्न करावं? हवं असेल तर सांग, मी करते. एद्ला हो म्हणाली. नऊ वर्षांची पोर, हो म्हणणार नाही तर काय.

"आणि?" इंगेयर्दनं विचारलं.

"आणि काय. निघाली ना तिघं. रविवारचे कपडे घालून, पाद्रीकडं जायला, चालत."

वाटेत सगळं छान चाललं होतं. एद्ला मधे, दोघांचे हात धरून. एलोफ तर इतका खुशीत होता की एरवी दिवसभरात बोलायचा नाही एवढं त्या वाटेवर बोलला. आणि बोलता बोलता म्हणाला, आता होड्या बांधायला एकच धक्का पुरे, होडीघराकडचा जुना धक्का मोडून टाकू, त्याची फळकुटं शेजारचा पेओल्सन मागतोच आहे. मनात काही नव्हतं त्याच्या. पण ब्रीता-स्तीना चालायची थांबली. एद्लानं वर बघितलं तर आईचा चेहरा तिला ओळखू येईना. एलोफलाही कळलं आपण काय बोललो ते, तो चाचरत म्हणाला, म्हणजे तुला विचारून गं. ब्रीता-स्तीना म्हणाली, आता विचारशील. कागद झाल्यावर विचारायची गरज राहणार नाही, मग किती दिवस आठवणीनं विचारशील? एलोफ म्हणाला, बारा वर्षं दार वाजवतोय मी, अजून तुझा विश्वास नाही? आणि मग दोघं भांडू लागली. भर रस्त्यात, आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीसमोर. होडीवरून, जाळ्यांवरून, त्याच्या भावावरून, कुठल्या कुठल्या गोष्टींवरून.

एद्ला रस्त्याकडेला, दुधाचे कॅन ठेवायच्या ओट्यावर जाऊन बसली. ती ऐकत राहिली. मग तिनं बूट काढला, झटकला आणि म्हणाली, माझ्या बुटात खडा गेलाय, पाय दुखतोय, मला घरी जायचंय.

"खडा नव्हता," गुनवोर म्हणाली. "आजीनं मला सांगितलं, खडा नव्हता."

इंगेयर्दच्या हातातला पाव तसाच राहिला.

तिघं परत आली. एलोफनं तिला पाठुंगळी घेतलं, पाय दुखतोय म्हणाली होती ना. घरी पोचल्यावर तो आपल्या खोलीत गेला. संध्याकाळी एद्ला दार वाजायची वाट बघत बसली, आज येतो की नाही. आला. वाजवलं. ब्रीता-स्तीना म्हणाली, ये. मासे वाढले. लग्नाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

"आणि पुढं कायदा बदलला की," इंगेयर्द म्हणाली. "बायकांची मालमत्ता बायकांच्या हातात आली. तेव्हा तरी करायचं."

"मी पण हेच विचारलं. आजी म्हणाली, तोवर तिचंच लग्न ठरलं होतं. आणि ती दोघं म्हातारी. चाललंय ते मोडून नवं कशाला मांडा, म्हणाली असतील."

"आजीला राग नव्हता आईचा?"

गुनवोरनं विचार केला. "राग नव्हता. पण म्हणाली, मला एवढंच वाटतं, त्या दिवसाबद्दल कुणीतरी मला नंतर विचारायला हवं होतं. खडा खरंच होता का, असं. दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. दोघांना कळलं होतं आणि दोघांनी विचारलं नाही."

बाहेर बर्फाचं पाणी पन्हळीतून ठिबकत होतं. इंगेयर्दला एकदम बहिणीचा राग आला. पन्नास वर्षं हिला हे ठाऊक होतं. आई भांडी घासत होती, मामा आपापल्या ओंडकेवाल्याच्या, घड्याळवाल्याच्या गोष्टी सांगत होते, आणि ही गप्प. तिनं तसं बोलून दाखवलं.

"आईला सांगू नको, असं आजीनं बजावलं होतं. तिला लाज वाटेल म्हणाली. आई गेल्यावर मग..." गुनवोर थांबली. तिनं मांडीवरचे पावाचे कण गोळा करून बशीत टाकले. "तुला काय सांगू, इंगा. पहिला पाव नेहमी तुला मिळायचा. मी कणीक मळून मळून हात सुजवायचे आणि पहिला पाव तुला. ही एक गोष्ट तिनं फक्त मला दिली होती. मला ती वाटून द्यायची नव्हती."

इंगेयर्दला तो पाव चोरीचा वाटायचा. त्याच्याकडं दुसरं कुणी बघत असेल हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"निम्मा तुला आणून दिला असता मी," ती म्हणाली.

"कधी दिला असतास गं? आधी चाटूनपुसून खायचीस, मग घरात यायचीस. कोपरापर्यंत लोणी."

दोघी हसल्या. गुनवोर हसता हसता डोळे पुसू लागली आणि मग बराच वेळ पुसतच राहिली.

ऑगस्टमध्ये, आंबवलेल्या हेरिंग माशांचे डबे दुकानात आले त्या आठवड्यात, इंगेयर्दनं शेजारणीची गाडी मागून घेतली आणि गुनवोरला तोर्विकला घेऊन गेली. चाकाची खुर्ची मागं कोंबली, डबा, पातळ पाव, कांदा, उकडलेले बटाटे असं सगळं बरोबर घेतलं. आजीचं घर केव्हाच विकलं गेलं होतं. आता तिथं उप्सालाचं एक जोडपं उन्हाळ्यापुरतं येतं. ते तेव्हा तिथं नव्हतं. भट्टीघर पाडून त्यांनी गाडी ठेवायची जागा केली होती. होडीघर मात्र जागेवर होतं, लाल रंग नवा, दाराला कुलूप. पलीकडच्या टोकाला जमिनीत दगडांची एक चौकट उरली होती, आत रास्पबेरीचं रान माजलेलं.

"ही एलोफची खोली," गुनवोर म्हणाली. "दार इकडं होतं."

"इकडं कसं असेल? समुद्राकडं असणार. कोळी माणूस."

"तू पाहिलं होतंस का?"

"तू तरी कुठं पाहिलंस?"

दार कुठल्या बाजूला होतं यावर दोघी तिथं चांगल्या तावातावानं भांडल्या. मग इंगेयर्दनं डबा उघडला आणि त्या वासापुढं भांडण टिकलं नाही. वारा समुद्रावरून होता म्हणून बरं. त्यांनी दगडी चौकटीच्या कडेला बसून, म्हणजे एक दगडावर आणि एक खुर्चीत, पावात मासा, बटाटा, कांदा गुंडाळून खाल्लं. दोघींची बोटं तेलकट झाली. खाडीचं पाणी उन्हात हललं की होडीघराच्या भिंतीवर उजेड थरथरायचा. गुनवोर म्हणाली, याच भिंतीला पाठ टेकून आजी जाळी दुरुस्त करायची, ब्रीता-स्तीनाची जाळी, किती वेळा शिवलेली, मूळचा दोरा त्यात कुठं उरला होता की नाही देव जाणे.

इंगेयर्दला ते आठवत नव्हतं. ती विचारत गेली. कुठल्या सुईनं? गाणं म्हणायची का तेव्हा? कुठलं? गुनवोर आठवेल तसं सांगत गेली, मधेच अडायची, मधेच चुकायची आणि स्वतःच दुरुस्त करायची.

ऊन उतरल्यावर त्या निघाल्या. गुनवोर अजून बोलत होती. आता एद्लानं पहिल्यांदा सायकल चालवली त्याबद्दल. मोठ्या रस्त्यानं गेलं असतं तर त्या जेवणाच्या वेळेत पोचल्या असत्या. इंगेयर्दनं तिठ्यावर गाडी किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याला घातली, आपल्या बसच्या रस्त्याला, जिथं प्रत्येक वाडीवर वळण आहे.

"इकडून लांब पडेल ना गं?" गुनवोरनं विचारलं.

"पडू दे. सायकलीचं काय झालं पुढं?"